तेलाचं कडं

आंघोळीचं पाणी उकळतं होतं आणि त्याला ते कोमट वाटलं.

परक्या माणसांच्या लग्नांच्या निगेटिव्ह, खोकंभर. नवरे काळे, नवऱ्यांचे कोट पांढरे, दात काळे.

"बोट द्या. दुखणार नाही. दुखलंच तर शिव्या मला द्या, सुईला नकोत." असं दिवसातून चाळीस वेळा म्हणणारी एक तरुण बाई.

डाव्या अंगठ्याचं नख आठवड्यातून एकदाच कापायचं, तेही त्याचं त्यानंच, तेही कानशीनं. घरातल्या नेलकटरला तो अंगठा वर्ज्य.

खडीच्या खाणीवरून खाली येणारा पांढरा उतार. दोन्ही बाजूंच्या झाडांची पानंसुद्धा पांढरी.

बांगडीपेक्षा लहान अशी रबराची एक कडी. आतल्या बाजूला तिला ओठ असतो.

हे सगळं एकाच घरातलं आहे. फक्त उतार तेवढा घरापासून अकरा किलोमीटरवर.

*

त्याचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचायला वर कोण बघतो? सगळे त्याला नखवालाच म्हणायचे. "पुढून तेल गळतंय? मग नखवाल्याकडे टाक. दुसरीकडे कुठे जाऊ नकोस, नुसती माती करतील."

मोटरसायकलचं पुढचं चाक दोन पायांच्या मध्ये धरलेलं असतं. तो फोर्क. प्रत्येक पायात एक चकचकीत पाईप, आणि तो खालच्या जाड नळकांड्यात वर-खाली होतो. नळकांड्यात तेल. ते तेल बाहेर येऊ नये म्हणून तोंडाशी रबराचं सील, आणि सीलाचा ओठ पाईपाला चिकटून. एवढंच यंत्र. पण रस्त्यावरचा खडा उडून पाईपाला लागला, मोहरीच्या निम्मा खड्डा पडला, की दर गचक्याला तो खड्डा सीलाच्या ओठावरून जातो आणि ओठ कुरतडतो. मग पाईपावर तेलाचं एक बारीक कडं उमटतं. माणूस म्हणतो, असू दे, बघू पुढच्या महिन्यात. पण तेल पुढच्या महिन्याची वाट बघत नाही. ते ओघळत ब्रेकच्या चकतीपर्यंत पोचतं.

"तेल लागलेला ब्रेक आणि निवडून आलेला पुढारी," नखवाला गिऱ्हाइकांना सांगायचा, "कितीही दाबा, थांबत नाहीत."

हा खड्डा शोधायचा कसा? डोळ्यांना पाईप आरशासारखा दिसतो. भिंगाखाली कधी सापडतो, कधी हुलकावणी देतो. नखवाला डोळे मिटून डाव्या अंगठ्याचं नख पाईपावरून हळूच गोल फिरवायचा, वरून खाली, मळसूत्रासारखं. मध्येच थांबायचा. "हा बघा, बसलाय चोर." मग तेल लावून बारीक पॉलिश पेपरनं तेवढीच जागा घासायची. खड्डा खोल असेल तर भरून घ्यायचा आणि भरलेलं पुन्हा सपाट करायचं. शेवटी पुन्हा नख. नख अडखळलं नाही तरच नवं सील.

एकतीस वर्षं त्या नखानं संसार चालवला.

*

दुकानातली पाटी, त्यानंच रंगवलेली, त्याच्याच शुद्धलेखनात:

पाईप रोज पुसा. मऊ फडक्याने. बायकोच्या साडीने पुसाल तर जबाबदारी आमची नाही.

गाडी धुताना जोराचा फवारा सीलावर मारू नका. पाणी आत जाते, बाहेर यायला विसरते.

पाईपावर ग्रीस फासू नका. ग्रीस धूळ धरते, धूळ पाईप खाते. जास्त माया करू नका.

रबरी बाही घातली असेल तर महिन्यातून एकदा वर सरकवून आत बघा. झाकलेले म्हणजे सुरक्षित नव्हे.

कडे दिसले की त्याच दिवशी या.

*

नखवाल्याला एकच मुलगी. ती रक्त तपासणीच्या लॅबमध्ये होती. घरोघर जाऊन म्हाताऱ्यांचं, बाळंतिणींचं, अंथरुणाला खिळलेल्यांचं रक्त घ्यायचं, नळ्यांवर चिठ्ठ्या लावायच्या, मोटरसायकलच्या मागच्या थंड डब्यात ठेवायच्या आणि दुपारच्या आत लॅबला पोचवायच्या. लॅबमधले तिला सुईवाली म्हणायचे. "बाप नखवाला, मुलगी सुईवाली," तिची आई म्हणायची. "माझ्या वाट्याला तेवढी टोचून घ्यायची नोकरी आली."

खाणीच्या पलीकडच्या वस्त्या तिच्याकडे होत्या, कारण दुसरं कुणी त्या रस्त्याला जायला तयार नव्हतं. येताना तो पांढरा उतार. वर क्रशर, अर्ध्यावर वळण, वळणाच्या बाहेर कठडा नाही, खाली कोरडा नाला. सुट्या खडीवर मागचा ब्रेक लावला तर गाडी फिरते. तो उतार पुढच्या ब्रेकवरच उतरावा लागतो, हलक्या बोटानं. म्हणजे त्या वळणावर मुलगी आणि नाला यांच्या मध्ये काय होतं? एक चकती, ती कोरडी ठेवणारी रबराची कडी, आणि ती कडी बसवणारा बापाचा अंगठा. नखवाल्याला हा हिशेब पाठ होता. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी गाडी दुकानात. सण असो, सुतक असो, सोमवार चुकायचा नाही.

*

दोन वर्षांपूर्वी डॉक्टर म्हणाले होते, "साखर फार वाढू दिलीत. नसा सुकत चालल्यात. पायापासून सुरुवात होते, तुमच्या हातांनाही झालीय."

"परत येतील?"

"आहेत त्या जपायच्या."

त्यानं घरी सांगितलं, साखर थोडी आहे, चहा बिनसाखरेचा कर. बाकीचं पोटात ठेवलं. पण आंघोळीच्या पाण्यानं चहाडी केली.

"अहो, हात बघा! सोललाय की सगळा!"

"साबण बदललास का तू?"

"साबणानं फोड येतात होय? एकोणतीस वर्षं तुमच्या हातचं तेल धुतेय मी, मला साबण शिकवता?"

बायकोनं हाताला मलम लावलं. तो भिंतीकडे बघत राहिला. मलम लावून झालं हे त्याला ती उठली तेव्हा कळलं. आणि हे तिला कळलं. दुपारी तिनं मुलीला फोन केला. मुलगी सगळं ऐकून "बरं" एवढंच म्हणाली. रोज दुसऱ्यांच्या बोटांना सुया टोचणारीला यापुढचं काही समजावून सांगायची गरज नव्हती.

*

त्यानंतर दीड वर्ष सगळं सुरळीत चाललं, असं नखवाल्याला वाटत होतं. नखातून काही कळत नव्हतं हे खरं. पण एकतीस वर्षांची सवय होती. डोळे मिटले की अंगठा आपोआप फिरायचा, आणि जुन्या ओळखीच्या जागी थांबायचा. मुलीच्या गाडीच्या डाव्या पाईपावर वरून चार बोटांवर एक जुना खड्डा होता, तिळाएवढा, भरून घेतलेला. दर महिन्याला तो तिथे थांबायचा.

"हा बघ. पुन्हा वर यायला लागलाय. लाव बोट."

ती बोट लावायची. "हो बाबा. बारीक आहे."

"बारीक म्हणूनच पकडायचा. मोठा झाला की तो आपल्याला पकडतो."

"हो बाबा."

मग ती मागच्या खोलीत आईच्या पलंगावर जाऊन पडायची. पहाटे चारला उठणारी पोर, पाठ टेकली की डोळा लागायचा.

*

अपघाताच्या आधीच्या महिन्यातला पहिला सोमवार.

त्यानं डावा पाय उघडला, वरची धूळ-कडी काढली, क्लिप काढली, पाईप झटका देऊन बाहेर ओढला. त्याबरोबर सील आलं, ते फडक्यावर ठेवलं. मग तो किती तरी वेळ त्या फडक्याकडे बघत राहिला.

सील तपकिरी होतं.

नखवाल्यानं आयुष्यात तपकिरी सील बसवलं नव्हतं. बाजारात ती आल्यापासून तो त्यांना 'चहात पडलेली' म्हणायचा. तो काळीच वापरायचा. गेल्या महिन्यात या पायात त्यानं स्वतःच्या हातानं काळं सील बसवलं होतं, आणि आजवर दर महिन्याला बाहेर निघायचं तेही काळंच असायचं.

त्यानं पाईप दारातल्या उजेडात धरला आणि भिंग लावलं. वरून चार बोटं. खड्डा नव्हता. भरून घेतल्याची खूण नव्हती. पाईपच तो नव्हता. हा नवा पाईप होता, आणि त्याच्या टोकाच्या झिजेवरून बघितलं तर निदान वर्षभर तरी गाडीत होता. म्हणजे वर्षभर तो एका नव्या, गुळगुळीत पाईपावर नख थांबवून "हा बघ" म्हणत होता, आणि पोरगी तिथे बोट लावून "हो बाबा, बारीक आहे" म्हणत होती.

त्याच्या कानशिलांना ऊब आली. तेवढं मात्र समजलं.

मग त्यानं जे केलं ते कुठल्याही मेकॅनिकनं केलं असतं. चूक आपली की दुसऱ्याची, ते तपासलं. नवं काळं सील घेतलं. पाईपाच्या टोकाला धार असते, तिच्यावरून सरकताना सीलाचा ओठ फाटू नये म्हणून टोकावर फिल्मची पट्टी गुंडाळायची, तेल लावायचं, मग सील सरकवायचं. बंद पडलेल्या फोटो स्टुडिओतून आणलेल्या निगेटिव्ह तो त्यासाठीच वापरायचा. पट्टी गुंडाळली, सील सरकवलं. नेहमीसारखंच वाटलं, म्हणजे काहीच वाटलं नाही. मग ते तसंच उलट बाहेर काढून भिंगाखाली धरलं.

ओठावर चीर होती. पट्टी घसरून कुणा नवरदेवाच्या खांद्याचा कोपरा रबरात शिरला होता, आणि पट्टी घसरतेय हे त्याच्या बोटांना कळलं नव्हतं.

दुसरं सील घेतलं. पुन्हा चीर. तिसरं डोळे पाईपाला लावून, तोंडानं श्वास घेत, एकेक मिलिमीटर सरकवलं. ते बहुतेक ठीक बसलं. बहुतेक. तीन तास गेले.

"आज वेळ लागला," मुलगी डोळे चोळत बाहेर आली.

"पाईप जुना झालाय ना."

"हो ना," ती म्हणाली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बायकोला "जरा पाय मोकळे करतो" म्हणाला. "तुमचे पाय?" ती म्हणाली. "पंचवीस वर्षांत कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेला नाहीत."

तो पुलापर्यंत गेला. पुलाजवळ एकाचं नवं दुकान होतं, आणि अलीकडे गावात तपकिरी सीलं तिथेच बसवायला लागले होते. चांगला माणूस, हातात स्वच्छता, भिंतीवर पाने उंचीप्रमाणे टांगलेले. नखवाला रस्त्याच्या अलीकडे उभा राहिला. मुलीची गाडी स्टँडवर होती, पुढचं चाक काढलेलं. पुलाजवळच्यानं डाव्या पायातून काळं सील काढलं, उजेडात धरून बघितलं, टोपलीत टाकलं. मुलगी टायरांच्या चळतीवर बसून फोनवर कुणाला तरी हसत काही सांगत होती.

नखवाला तसाच मागे फिरला.

राग आला का? आला असता तर बरं झालं असतं. रागानं माणूस भांडतो, भांडणातून काहीतरी बाहेर पडतं. त्याला आला तो विचार, आणि विचार हा फार शहाणा होता. तो महिनाभर तो विचार घासत राहिला. मी बिघडवतो, तो नीट करतो. मी उघडलंच नाही, तर बिघडणार नाही. तो मंगळवारी उघडतोच आहे. मग सोमवारी माझं काम काय? हात न लावणं. वैद्याला औषध कळत नसेल तर त्यानं निदान पुडी बांधू नये. एकतीस वर्षांत जी सर्विस कुणी केली नसेल, ती आपण लेकीसाठी करायची: न केलेली सर्विस. आणि तिला कळू द्यायचं नाही. तिनं मला वर्षभर कळू दिलं का?

या विचारात एकही खड्डा नव्हता. नख फिरवून बघा.

*

पुढचा सोमवार.

"लवकर आलीस."

"आईच्या हातचं खायला. तुमच्यासाठी नाही."

"ते दिसतंयच. गाडी लाव आणि जा आत."

ती आत गेली. दुकान आणि मागची खोली यांच्यात एक पातळ भिंत. इकडे पाना पडला तर तिकडे भांडं वाजायचं.

त्यानं फडकं घेतलं आणि वाकून बघितलं. डाव्या पाईपावर तेलाचं कडं होतं, करंगळीएवढं रुंद, धूळ बसून राखाडी झालेलं. खाली नळकांड्यावर एक ओघळ. चकतीपासून चार बोटं वर थांबलेला. खाणीच्या खड्यानं नवा पाईपही सोडला नव्हता.

हात पान्याकडे गेला. सवयीनं. अर्ध्यावर थांबला.

उघडलं, आणि पट्टी पुन्हा घसरली तर? आता एक चीर आहे, दोन होतील. उद्या सकाळी तो उघडणारच आहे. त्याचे हात चांगले आहेत. एका रात्रीनं काय होतं?

त्यानं कडं पुसलं. ओघळ पुसला. रॉकेलच्या फडक्यानं पुसला, मग कोरड्या फडक्यानं पुसला, मग मऊ फडक्यानं. पाईप असा लखलखला की त्यात त्याचा चेहरा लांबट दिसायला लागला.

आता आवाज. ती जागी असेल, ऐकत असेल. त्यानं भंगारातून एका जुन्या गाडीचा फोर्क आणला, वाईसच्या जबड्यात आवळून धरला, आणि सील ठोकायला ठेवलेला प्लास्टिकच्या नळाचा तुकडा त्यावर ठेवून हातोडी मारली. टक, टक, टक, टक, टक. सील जागेवर बसायला पाच ठोके लागतात. मग तेलाचा डबा घेऊन मापात तेल ओतलं, मापातून परत डब्यात. दुसऱ्या पायाचे पाच ठोके. मध्ये एकदा, अगदी खरं वाटावं म्हणून, क्लिप हातातून निसटल्यासारखी जमिनीवर टाकली आणि एक शिवी दिली.

आतून बायको ओरडली, "लेक झोपलीय!"

"जागीच आहे मी," मुलगी भिंतीपलीकडून म्हणाली. "चालू द्या, बाबा. बरं वाटतं ऐकायला."

तासाभरानं ती बाहेर आली. "झालं?"

"झालं."

"खड्डा?"

"होता. घालवला."

ती वाकली, डाव्या पाईपावरून बोट फिरवलं. कोरडं. तिनं बोट बघितलं, बापाकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते त्यानं तेव्हा ओळखलं नाही. तिला आनंद झाला होता. वर्षभरात पहिल्यांदा बापाच्या हातून गाडी सुकी बाहेर आली होती.

"तुमच्यासारखा कुणी नाही, बाबा."

"चढवू नकोस. साठीत तोल जातो."

*

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास, उतारावरच्या वळणावर, पुढचा ब्रेक लागला नाही.

ती नाल्यात गेली. उजवा गुडघा दगडावर. क्रशरवरच्या माणसांनी वर काढलं. मागच्या थंड डब्यातल्या बत्तीस नळ्यांपैकी एकही फुटली नव्हती, आणि शुद्धीवर आल्यावर तिनं पहिल्यांदा त्यांचीच चौकशी केली. डॉक्टरांनी दोनदा गुडघा उघडला. दुसऱ्या वेळी म्हणाले, पाय राहील. वाकणार नाही.

लॅबनं तिच्या जागी दुसरी मुलगी घेतली. खाणीपलीकडच्या वस्त्या यादीतून काढल्या.

*

गाडी टेम्पोनं दुकानात आली. चाक वाकलेलं, टाकी आत गेलेली. नखवाला पाटावर बसला आणि डावीकडची चकती बघितली. तेल आणि खडीची भुकटी मिळून तिच्यावर लापशीसारखं काही झालं होतं. त्यानं अंगठा लावला. अंगठ्याला काही कळलं नाही. डोळ्यांना पुरेसं कळलं.

सील तपकिरी होतं. पण जुनं. या मंगळवारी बदललेलं नव्हतं.

तो पुलाजवळ गेला. या वेळी रस्ता ओलांडला.

"या काका," पुलाजवळचा उठून उभा राहिला. त्याला कळलं होतं. "बसा. पाणी देऊ?"

"मंगळवारी आली होती?"

"काका, मी नव्हतो. सासरे गेले. आठवडाभर शटर खाली होतं. शनिवारी आलो तेव्हा समजलं." तो हातातलं फडकं पिळत राहिला. "मी तिला कितीदा म्हणालो, दोन-दोन सर्विस कशाला? ती म्हणायची, एक गाडीची, एक बाबांची."

नखवाला टायरांच्या चळतीवर बसला.

"तिनं बुधवारी फोन केला होता मला," पुलाजवळचा म्हणाला. "म्हणाली, घाई नाही, सावकाश या. या खेपेला बाबांनी एकदम सुकी करून दिलीय. खूश होती."

"मी उघडलीच नव्हती."

"काय?"

"हात लावला नाही. कडं पुसलं फक्त. म्हटलं, तू उघडशील."

पुलाजवळच्यानं हातातलं फडकं खाली ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाला, "काका, हे तिला सांगू नका. तुमचं तेवढं एक तिच्याकडे चांगलं राहिलंय."

*

पण त्यानं ठरवलं, सांगायचं. झाकून झाकून ही वेळ आली. आता झाकणार नाही. एकदाच काय ते. ती शिव्या देईल, रडेल, आयुष्यभर तोंड बघणार नाही. चालेल. निदान घरात एक गोष्ट उघडी होईल.

मुलगी आईच्या पलंगावर होती, पाय उशीवर सरळ ठेवलेला, काठी भिंतीला. आई लसूण सोलत बसली होती.

"ऐक," तो म्हणाला. "खडीनं नाही पडलीस तू."

"खडीच होती, बाबा. सांगितलं ना. मूठभर खडी चाकाखाली आली."

"चकतीवर तेल होतं. मी बघितलं. सोमवारी मी फोर्क उघडलाच नव्हता. कडं होतं, ते मी पुसलं. उघडला नाही."

मुलीनं आईकडे बघितलं. आईनं लसणीवरची नजर हलवली नाही.

"बाबा," मुलगी म्हणाली, आणि तिचा आवाज तो होता, "बोट द्या, दुखणार नाही" म्हणतानाचा. "असं करू नका. उगाच स्वतःवर घेऊ नका."

"अगं, खरं सांगतोय! हात लावला नाही मी!"

"मी जागी होते. भिंतीपलीकडून ऐकलं सगळं. पाच ठोके इकडचे, पाच तिकडचे. तेल ओतलंत. क्लिप पडली, शिवी घातलीत. मी झोपेत हसले." ती खरंच हसली. "मी बाहेर येऊन बोट लावून बघितलं, कोरडं होतं. वर्षभरात इतकं चांगलं काम झालं नव्हतं तुमचं."

"ते भंगारातल्या फोर्कवर..."

"बाबा."

"तो आवाज मी मुद्दाम..."

"अहो, पुरे करा आता," बायको म्हणाली. "पोरीला पडू दे जरा. तुमची साखर वाढलीय, काहीबाही बोलताय."

मुलीनं त्याचा डावा हात आपल्या हातात घेतला, अंगठा उलटा करून नख बघितलं, आणि त्यावरून आपलं बोट फिरवलं, वरून खाली, गोल.

"याला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "कळतंय ना?"

तिचं बोट कुठे आहे ते त्याला दिसत होतं.

"हो," तो म्हणाला. "कळतंय."

*

कडं नुसतं पुसलं त्या सोमवारी चारपर्यंत दुकानाच्या दारात स्वच्छ ऊन होतं, आणि खणात काळ्या सीलांच्या चार जोड्या होत्या, डोळे पाईपाला लावून एक नीट बसेपर्यंत पुरतील एवढ्या.